मोटर बरी असतानाच तिचं माप घ्या

एका हंगामात मी एकच मोटर तीन वेळा भरली, म्हणजे जळालेलं वायंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) काढून नवं घातलं. पंचवीस एचपी, चार पोल, एका जिनिंगमधली कापूस ओढणाऱ्या पंख्याची. चोपड्याला आमचं मोटर भरायचं दुकान आहे. अप्पांनी सुरू केलं, गेली चौदा वर्षं मी चालवते. पहिल्यांदा जळाली तेव्हा मी बेअरिंगला दोष दिला. दुसऱ्यांदा वार्निश नीट सुकलं नसेल म्हणून स्वतःला. दोन्ही वेळा मोटर बसवून दुपारी क्लॅम्प (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर) लावला, तर करंट उत्तम: तिन्ही फेजला तीसच्या आसपास, पाटीवर चौतीस लिहिलेले. तिसऱ्यांदा पहाटे सव्वासहाला फोन आला, "ताई, मोटर परत जळनी." तेव्हा कुठे डोक्यात आलं की ती तिन्ही वेळा सकाळी जळाली होती, आणि मी दर वेळी दुपारी मोजायला गेले होते.

जळगावच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराकडून पॉवर लॉगर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट सतत नोंदवणारी पेटी, मागून आणला. मोटर भरून बसवली आणि त्या पॅनलमध्ये लॉगर चार दिवस ठेवून दिला. दिवसभर सगळं सरळ. पहाटे पाच ते आठ मात्र फेज-फेजमधलं व्होल्टेज ४१८, ४०९ आणि ३९८. करंट २६, ३० आणि ३७. मजुरांच्या खोल्या त्याच लांबलचक केबलवरून, त्यातही एकाच फेजवर जोडलेल्या होत्या. डिसेंबरची थंडी, प्रत्येक खोलीत बादलीत पाणी तापवायची कॉइल. तेवढा वेळ मोटरची एक फेज पाटीच्या वर ओढत होती, वरून अंगावर रुईचा भुसा बसलेला. आणि सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचा) खटका ४२ अँपिअरवर नेऊन ठेवलेला.

तिसऱ्या भरणीची मजुरी मी घेतली नाही. पण त्या चार दिवसांनी मला जे शिकवलं ते आता आमच्या भागातल्या जिनिंग, दालमिल, चटई कारखाने, केळीची पिकवण केंद्रं इथे काम करणाऱ्या प्रत्येक वायरमनला सांगावंसं वाटतं. बाजारात आज इतकी नवी उपकरणं आली आहेत की कोणतं घ्यावं कळत नाही. कोणतंही घ्या, पण मशीन बिघडल्यावर ते बाहेर काढायचं ही सवय मोडा. मशीन बरं असताना त्याचं माप लिहिलेलं नसेल, तर बिघडल्यावर दिसणारा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही. मोटरचा बेअरिंगकडचा भाग ७८ अंश आहे, हे चांगलं की वाईट? गेल्या वर्षी याच लोडवर तो ६१ होता हे माहीत असेल, तरच त्या ७८ ला अर्थ आहे.

मी यासाठी खंडेनवमीचा दिवस धरला आहे. त्या दिवशी तशीही मशिनं पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून उभी असतात, आणि जिनिंगचा हंगाम जेमतेम सुरू व्हायचा असतो. पूजेच्या आधी, बंद मोटरवर घेता येतात ती मापं त्या दिवशी घेते. लोडवरची मापं कापूस आल्यावर पहिल्या आठवड्यात.

आधी मीटर हातात धरण्याबद्दल, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही वाचायला आपण उरत नाही. मीटरवर आणि त्याच्या वायरींवर कॅट दोन, कॅट तीन, कॅट चार असं छापलेलं असतं. हे मीटर किती भारी आहे याचं प्रमाणपत्र नाही. तो कुठपर्यंत न्यायचा याची हद्द आहे. भिंतीतल्या प्लगला लावायचं उपकरण कॅट दोन. कारखान्यातलं पॅनल, बसबार (पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या), कायमची बसवलेली मोटर, तिथे कॅट तीन. डीपीकडून येणारी लाइन, मीटरपेटी, मेन स्विचच्या आधीची बाजू, तिथे कॅट चार. तुम्ही डीपीच्या जितके जवळ, तितका शॉर्ट झाल्यावर मागून येणारा करंट मोठा, आणि लाइनवर अचानक उसळणारं व्होल्टेज साध्या मीटरच्या आत ठिणगी पाडू शकतं. आमच्याकडच्या पॅनलसाठी ६०० व्होल्ट कॅट तीन हे मी किमान समजते. मीटर कॅट तीनचा आणि वायरी फुटपाथवरच्या, असं असेल तर हद्द वायरींची धरायची. आत फ्यूज एचआरसी (मोठ्या शॉर्टलाही न फुटता तोडणारा) आहे ना, हे विकत घेताना मागचं झाकण उघडून पाहा.

माझ्या उजव्या अंगठ्यावर पांढरा डाग आहे. वायर अँपिअरच्या भोकात राहिली होती आणि मी फेजला टोक लावलं. अँपिअरच्या भोकातून मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार, त्यामुळे तो थेट शॉर्ट झाला. आतला काचेचा फ्यूज फुटला आणि कडेने जाळ बाहेर आला. त्या दिवसापासून माझा नियम: करंट फक्त क्लॅम्पने मोजायचा, मीटरच्या अँपिअरच्या भोकाला मी टेप लावून टाकली आहे.

दुसरी गोष्ट, लाइन बंद आहे हे ठरवण्याची. खिशातला पेनसारखा, लाल दिवा लावणारा टेस्टर सोयीचा आहे, पण त्याचा दिवा लागला नाही म्हणून लाइन मेली असं समजू नका. सेल उतरलेला असतो, केबलवर पत्रा असतो. आधी चालू लाइनवर मीटर दाखवतो ना ते पाहा, मग जिथे काम करायचं तिथे तिन्ही फेज एकमेकांत आणि अर्थशी तपासा, मग पुन्हा त्या चालू लाइनवर मीटर लावून पाहा. मध्येच मीटर मेला असेल तर हे तिसरं पाऊलच ते पकडतं. स्विचला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पाटी लावून भागत नाही. पाटी वारा उडवतो, आणि रात्रपाळीचा माणूस ती वाचतोच असं नाही.

पहिलं विकत घ्यायचं ते ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर. साधा क्लॅम्प करंटची लाट गोल आहे असं गृहीत धरून आकडा काढतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) लावलेल्या मशिनचा, एलईडीचा, वेल्डिंगचा करंट तसा गोल नसतो, तो टोकदार असतो. साधा मीटर तिथे बराच कमी दाखवतो आणि केबल गरम का होते हे कोडंच राहतं. जबड्यात एकच वायर घ्या. तिन्ही घेतल्या तर बेरीज शून्य येते. ती शून्य आली नाही तर मात्र लक्ष द्या, कारण तेवढा करंट अर्थकडे गळतो आहे. मिलिअँपिअर मोजणारा खास लीकेज क्लॅम्प याच कामासाठी असतो, आणि पावसाळ्यात शेतातल्या पंपांवर मला तो सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

तीन फेजची मापं लिहिली की असमतोल काढायचा. हिशेब सोपा आहे: तिन्हींची सरासरी काढा, सरासरीपासून सर्वांत दूर असलेला आकडा किती दूर ते पाहा, त्याला सरासरीने भागून शंभराने गुणा. माझ्या त्या पहाटेची सरासरी ४०८.३, सर्वांत दूर ३९८, फरक १०.३, म्हणजे अडीच टक्के. ऐकायला अडीच टक्के काहीच नाही. पण व्होल्टेजमधला असमतोल करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन दिसतो. माझ्याकडे तो १९ टक्के निघाला. एक टक्क्याच्या आत असेल तर निवांत राहा. त्यावर गेला की मोटरवरचा भार कमी करावा लागतो, आणि पाच टक्क्यांवर मोटर चालवूच नये. आणि हे माप चोवीस तासांतल्या कुठल्या वेळचं आहे ते शेजारी लिहा. माझी सगळी चूक त्या एका रकान्याची होती.

आता मेगर. हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे इन्सुलेशन मोजणाऱ्या प्रत्येक पेटीला मेगरच म्हणतात. अप्पांचा हाताने फिरवायचा मेगर अजून दुकानात आहे आणि चालतो. नव्या डिजिटल मेगरचा खरा फायदा असा की तो एक मिनिट स्थिर ५०० व्होल्ट देतो, तीस सेकंदांचा आणि साठ सेकंदांचा आकडा स्वतः लिहून ठेवतो आणि शेवटी वायंडिंगमध्ये साठलेला चार्ज स्वतः उतरवतो. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसी पुरे. जुनी माणसं एक मेगोहम आला की मोटर चालू करतात. आपल्या भरलेल्या लहान मोटरींसाठी ४० अंशांवर किमान पाच मेगोहम हे आजचं मान्य माप आहे, आणि मी नवीन भरलेली मोटर शंभराच्या खाली आली तर परत भट्टीत घालते.

"४० अंशांवर" हे शब्द आपल्या खानदेशात फार महत्त्वाचे. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा आकडा साधारण अर्धा होतो. जानेवारीच्या पहाटे शेडमध्ये १२ अंश असताना ४० मेगोहम दिसला म्हणून खूश होऊ नका. ४० अंशांवर नेऊन पाहिलं तर तो सहाच्या आसपास भरतो. उलट मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ ला टेकलेला असताना आकडा उतरलेला दिसला म्हणून लगेच मोटर खोलायला घेऊ नका. वहीत मेगरच्या शेजारी वायंडिंगचं तापमान लिहिलं नसेल तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

मेगर लावण्याआधी मोटरच्या वायरी पॅनलपासून सोडवा. व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) जोडलेला असताना ५०० व्होल्ट सोडले तर आतली इलेक्ट्रॉनिक्स जाते. मोठ्या मोटरींना दहा मिनिटांचा आकडा एक मिनिटाच्या आकड्याने भागून पाहतात. तो दोनच्या खाली आला तर वायंडिंग ओलं किंवा मळकट आहे. आपल्या लहान मोटरींना तीस आणि साठ सेकंदांची तुलना चालते: आकडा वर चढत असेल तर ठीक, जागच्या जागी राहिला किंवा उतरला तर ओल आहे.

थर्मल कॅमेरा मी उशिरा घेतला, मोबाईलला जोडायचा. घेतल्यावर पहिले दोन महिने मी चुकीचंच वाचत होते. चकचकीत तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा बसबार कॅमेऱ्याला थंड दिसतो, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि समोरची उष्णता आरशासारखी परत फेकतो. मी पाहत होते ते बसबारमध्ये उमटलेलं माझंच प्रतिबिंब. उपाय सोपा: लाइन बंद असताना, कुलूप घालून, बसबारवर आणि प्रत्येक लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडणीवर) काळी इलेक्ट्रिकल टेप नखाएवढी चिकटवून ठेवा, आणि कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा आकडा) ०.९५ ठेवून त्या टेपवरच नेम धरा. टेप एकदा लावली की वर्षानुवर्षं त्याच जागी वाचता येतं. पॅनलवरच्या अॅक्रिलिकच्या पारदर्शक झाकणातून कॅमेऱ्याला आतलं काही दिसत नाही, फक्त झाकण दिसतं. यासाठी आता दारात बसवायच्या खास इन्फ्रारेड खिडक्या मिळतात. चालू पॅनलचं दार उघडावंच लागत नाही. माझ्या मते मोठ्या मेन पॅनलला कॅमेऱ्याआधी ती खिडकी घ्यावी. दार उघडावं लागलंच तर सुती कपडे, जाड बूट, चष्मा, आणि एका हाताचं अंतर नव्हे, शक्य तितकं लांब.

कॅमेऱ्यात एकटा आकडा पाहू नका, भावंडांशी तुलना करा. एकाच एमसीसीबीच्या (पॅनलमधल्या मोठ्या ब्रेकरच्या) तीन लग, तिघांवर सारखा करंट, तर तिघांचं तापमान सारखंच हवं. तीन अंशांपर्यंत फरक असेल तर नोंद करून ठेवा. चार ते पंधरा असेल तर पुढच्या बंदच्या दिवशी लग खोलून, घासून, टॉर्क पान्याने आवळा. पंधराच्या वर गेला तर संध्याकाळपर्यंत थांबू नका. हे सगळं मशीन निदान चाळीस टक्के लोडवर असताना. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. अर्ध्या लोडवर दहा अंश जास्त दिसणारी लग पूर्ण लोडवर चाळीसच्या जवळ जाऊ शकते. म्हणून फोटोबरोबर त्या क्षणाचा करंट लिहायचाच.

थरथर मोजायचे सेन्सर आता डबीएवढे आले आहेत, चुंबकाने चिकटतात आणि मोबाईलवर मिलिमीटर प्रति सेकंदात आकडा देतात. पंधरा ते पंचाहत्तर किलोवॅटच्या मोटरीला २.८ पर्यंत चालवून घ्या, त्यावर लक्ष ठेवा, ७.१ च्या वर बंद करा. त्याहून लहान मोटरीला हेच आकडे १.८ आणि ४.५. सेन्सर बेअरिंगच्या घरावर लावायचा. मागच्या पंख्याच्या पत्र्यावर लावला तर पत्राच वाजतो. रंग खरवडून काढा. अॅल्युमिनियमच्या बॉडीला चुंबक चिकटत नाही, तिथे गोल लोखंडी चकती चिकटवून घ्यावी लागते. जिनिंगच्या पंख्याला एका पात्यावर कापूस गुंडाळला की थरथर वाढते, आणि ती नेमकी फेऱ्यांच्याच गतीने येते. मोटर १४८० ला फिरत असेल तर सेकंदाला जवळपास पंचवीस. दुप्पट गतीने आली तर कपलिंगची (मोटर आणि मशीन जोडणाऱ्या भागाची) सरळ रेषा पाहा. बेअरिंग खोलायच्या आधी हे पाहिलं तर अर्ध्या वेळा बेअरिंग खोलावंच लागत नाही.

एक गोष्ट मी दुकानदार म्हणून कळकळीने सांगते. मोटर भरायला खोललेली असते, तेव्हा वायंडिंगच्या तिन्ही फेजच्या टोकांत एकेक पीटीसी थर्मिस्टर (तापमान ओळखणारा छोटा सेन्सर) घालून घ्या. तिन्ही एकामागोमाग जोडून दोन वायरी बाहेर काढायच्या आणि पॅनलमधल्या थर्मिस्टर रिलेला द्यायच्या. वायंडिंग ठरलेल्या तापमानाला पोचलं की मोटर बंद. ओव्हरलोड रिलेला फक्त करंट कळतो. पंखे भुशाने बुजलेत, शेडमध्ये ४५ अंश आहे, हे त्याला कळत नाही. थर्मिस्टरला कळतं. मोटर बंद डबा झाल्यावर ते घालता येत नाहीत, आणि भरताना घालायला फक्त अर्धा तास जास्त लागतो. त्या दोन वायरींना मेगर मात्र कधीही लावू नका, साधा ओहममीटरच.

कायमच्या देखरेखीसाठी मेन पॅनलला आरएस-४८५ वाला (वायरीवरून माहिती बाहेर पाठवणारा) मल्टिफंक्शन मीटर बसवा. सीटीची (केबलभोवती बसणारी, मीटरला करंट कळवणारी कडी) दिशा बाणाप्रमाणे, आणि आर फेजची सीटी आरच्याच व्होल्टेजबरोबर, नाहीतर पॉवर फॅक्टर भलतंच काही दाखवतो. लाइन चालू असताना सीटीकडून मीटरकडे येणाऱ्या वायरी कधीही मोकळ्या सोडू नका, मीटर काढायचा तर आधी त्या शॉर्ट करा. मोकळ्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. अनेक मीटर असतील तर वायर एका मीटरमधून दुसऱ्यात अशी माळेसारखी न्या, फांद्या फोडू नका, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, शील्डचा (वायरीवरच्या धातूच्या जाळीचा) अर्थ एकाच टोकाला द्या, आणि ती वायर व्हीएफडीच्या केबलबरोबर एका ट्रेमध्ये घालू नका. माहिती येत-जात राहते अशा तक्रारी घेऊन मला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा या चारांपैकी एक निघतं. शेडमध्ये मोबाईलची रेंज नसेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारे लोरा (लांब पल्ल्याचे बिनतारी) सेन्सर घ्या, त्याला परवाना लागत नाही. पण मीटरमध्ये स्वतःची मेमरी हवीच. आपल्याकडे लाइट जाते, नेट जातं, आणि बिघाड नेमका त्याच घटकेचा असतो.

नोंद दर मिनिटाची ठेवा. पंधरा मिनिटांच्या सरासरीत मोटर सुरू होतानाचा सहापट करंट बुडून जातो. आणि मोबाईलवर येणारे इशारे सुरुवातीला दोनच लावा: व्होल्टेजचा असमतोल दोन टक्क्यांवर दहा मिनिटं टिकला तर, आणि वायंडिंग किंवा बेअरिंगचं तापमान नेहमीपेक्षा पंधरा अंश चढलं तर. एका दालमिलमध्ये बावीस इशारे लावलेले मी पाहिले; तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने तो ग्रुप म्यूट केला होता.

अर्थिंग मेमध्येच मोजा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि ऑगस्टमध्ये ओल्या मातीत चांगला दिसणारा अर्थिंगचा खड्डा मेमध्ये निकामी झालेला असतो. एकटाच खड्डा असेल तर क्लॅम्पवाल्या अर्थ टेस्टरने मोजता येत नाही, त्याला करंट फिरायला दुसरी वाट लागते. तिथे खुंट्या ठोकायचा जुना टेस्टरच हवा: लांबची खुंटी ३० मीटरवर, मधली साडेअठराच्या आसपास.

त्या जिनिंगमधल्या खोल्या आता तीन फेजवर वाटून दिल्या आहेत, वेगळ्या केबलने. रिले ३४ वर आहे. मोटरमध्ये थर्मिस्टर आहेत. पॅनलच्या दाराला आतून मी कागद चिकटवला आहे, प्लॅस्टिकमध्ये घालून, यंदाच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्यातली, पहाटे साडेसहाची ओळ त्यावर आहे: ४१२, ४१०, ४०९, करंट २९, ३०, ३१, बी फेजची लग ४४ अंश, बाकी दोन ४३, पुढचं बेअरिंग ५८, थरथर १.९; शेडमध्ये १६ अंश.